नऊपैकी नऊ जिंकल्या, आमंत्रण आलं नाही: सॅन फ्रान्सिस्को डॉन्स, १९५१

आधी एक क्लिअर करते, इथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि पॅड घालून लंबगोल बॉल हातात धरून पळतात तो. नियम माहीत नसले तरी चालेल, कारण हे प्रकरण मैदानावर कमी आणि मैदानाबाहेर जास्त घडलंय.

परिस्थिती अशी होती. १९५१ चा नोव्हेंबर संपत आलेला, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को या छोट्या कॉलेजची टीम, नाव डॉन्स, नऊपैकी नऊ मॅच जिंकून बसलेली. आता फक्त एक फोन यायचा होता. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये प्लेऑफ वगैरे नव्हतं, सीझन संपला की वर्षाच्या पहिल्या दिवशी 'बाऊल' मॅच व्हायच्या, मायामीत ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बाऊल, जॅक्सनव्हिलला गेटर बाऊल, डॅलसला कॉटन बाऊल, आणि कुठल्या टीमला बोलवायचं हे त्या त्या शहरातली कमिटी ठरवायची. म्हणजे खेळून मिळायची जागा नव्हती ती, बोलावणं आलं तरच जायचं, लग्नाला जातो तसं. कॅलिफोर्नियातला रोझ बाऊल घराजवळ होता पण तो दोन मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, करार करून आपल्यात वाटून घेतलेला, डॉन्स कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हते, त्यामुळे ते दार बंदच. उरले दक्षिणेतले बाऊल. आणि दक्षिणेतून निरोप जो आला तो असा की या, पण तुमचे दोन ब्लॅक खेळाडू घरी ठेवून या.

ते दोघं म्हणजे ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. टीमने नाही म्हटलं. बाऊल मिळाला नाही. आणि थोड्याच दिवसांत कॉलेजने फुटबॉलच बंद केलं.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट एवढ्या चार ओळींत सांगतात आणि सोडून देतात, मला मात्र वाटतं की मधला भाग नीट बघितल्याशिवाय हे प्रकरण कळतच नाही. नकार कोणी दिला, कोणाला दिला, त्याची किंमत कोणी भरली आणि ज्यांनी अट घातली त्यांच्या हाताला काहीच कसं लागलं नाही, हे सगळं त्या मधल्या भागात आहे.

कॉलेज आणि पैसे

यूएसएफ, म्हणजे हीच युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, हे जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज, १८५५ साली सुरू झालेलं. आपल्या मुंबईचं झेवियर्स ज्या संघाने काढलं त्याच संघाचं. शहराच्या मधोमध टेकडीवर, विद्यार्थी बरेचसे कामकरी घरांतले, आयरिश, इटालियन, स्थलांतरितांची मुलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परत आलेली मुलं, ज्यांची फी सरकार भरत होतं. फुटबॉल मॅच व्हायच्या केझर स्टेडियममध्ये, गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यावर. मी तिथे चालायला जाते कधीकधी, जुनं स्टेडियम १९८९ मध्ये पाडलं, आता तिथे छोटं बांधलंय आणि भोवती ट्रॅक आहे. पण त्या काळी ते जवळजवळ साठ हजार माणसांचं होतं आणि डॉन्सच्या मॅचला त्यातल्या कितीतरी जागा रिकाम्या असायच्या.

कारण सरळ होतं, १९४६ पासून त्याच मैदानावर फोर्टीनायनर्स ही प्रोफेशनल टीम खेळायला लागली होती आणि ती १९५० मध्ये एनएफएल या मुख्य प्रोफेशनल लीगमध्ये गेली, लोकांचे तिकिटाचे पैसे तिकडे जायला लागले. शिवाय टीव्ही आला. शिवाय १९४० च्या दशकात फुटबॉलचा नियम असा झाला होता की कितीही खेळाडू बदलता येतील, म्हणजे अटॅकला वेगळी टीम, डिफेन्सला वेगळी टीम, म्हणजे जास्त खेळाडू, जास्त स्कॉलरशिप, जास्त प्रवास, जास्त जेवणखाण. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीला हे झेपत होतं, छोट्या कॅथलिक कॉलेजांना नव्हतं. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने १९५० चा सीझन खेळून फुटबॉल बंद केलं होतं, लॉस एंजेलिसच्या लोयोलाने १९५१ नंतर केलं, सांता क्लाराने १९५२ नंतर, न्यूयॉर्कच्या फोर्डहॅमने १९५४ नंतर. यादी बघितली की कळतं, एकापाठोपाठ एक दिवे विझत गेले तसं झालं.

हे इतकं सांगतेय कारण अनेकजण म्हणतात 'बाऊल नाकारला म्हणून फुटबॉल बंद पडलं' आणि ते अर्धंच खरं आहे. कर्ज आधीच होतं. बाऊलचे पैसे आले असते तर कदाचित एक-दोन वर्षं निघाली असती, आणि तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं की हा बाऊल मिळणं म्हणजे नुसता मान नाही, तो श्वास आहे. नकार देणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्या नकाराचं वजन जास्त.

टीम

कोच जो क्युहॅरिक, स्वतः नोत्र दामला खेळलेला, कडक माणूस. सीझनच्या आधी पोरांना घेऊन उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग नावाच्या गावात जायचा, रखरखीत ऊन आणि धुळीचं मैदान, तिथे घासून घासून प्रॅक्टिस. जे टिकले ते टीम.

त्यात कोण कोण होतं बघा. जीनो मार्केटी, अँटिऑक गावचा इटालियन घरातला पोरगा, अठराव्या वर्षी सैन्यात गेलेला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटल ऑफ द बल्ज या लढाईत मशीनगन चालवलेला. युद्धावरून आलेल्या माणसाला कॉलेजच्या मॅचची भीती कसली वाटणार. बॉब सेंट क्लेअर, सॅन फ्रान्सिस्कोचाच, उंची सहा फूट नऊ इंच, समोरच्याला अंगावरून सारून बाजूला करायचं हेच त्याचं काम. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून अटॅक चालवणारा, एड ब्राउन. आणि टीमच्या प्रसिद्धीचं काम बघायला पीट रोझेल नावाचा एक तरुण, नुकताच त्याच कॉलेजातून पास झालेला, पेपरवाल्यांना फोन करून करून डॉन्सचं नाव छापून आणायचा. हा रोझेल पुढे लक्षात ठेवा.

ऑली मॅटसन जन्मला टेक्ससमधल्या ट्रिनिटीत, लहानपणी सॅन फ्रान्सिस्कोला आला. बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघंही मूळ दक्षिणेतले, म्हणजे ज्या प्रदेशातून 'यांना आणू नका' असा निरोप आला तिथलेच. दोघं सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९४८ च्या टीममध्ये एकत्र खेळले, ती टीमपण एकही मॅच हरली नव्हती, आणि मग दोघं बरोबरच यूएसएफला आले. मॅटसन बॉल घेऊन पळायचा, त्याचा वेग बघून लोक उभे राहायचे. टोलर लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सचा खेळाडू, त्याच्याबद्दल सोबतचे खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले की आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू तोच होता, मॅटसनपेक्षा, मार्केटीपेक्षासुद्धा. ज्यांनी हे सांगितलं ते स्वतः हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलच्या महान खेळाडूंच्या यादीत, गेलेले लोक आहेत, त्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवते.

सीझन

मॅच एकेक करून सांगत बसत नाही. सॅन होजे स्टेटला दोनदा हरवलं, आयडाहोला त्यांच्या घरी जाऊन हरवलं, सांता क्लाराला हरवलं, दोन मॅच लष्करी तळांच्या टीमशी होत्या, कॅम्प पेंडल्टन आणि सॅन डिएगोचं नौदल ट्रेनिंग सेंटर, त्याही जिंकल्या. तीन मॅचवर मात्र थांबायला हवं.

पहिली न्यूयॉर्कला, ऑक्टोबरमध्ये, फोर्डहॅमविरुद्ध. ही मुद्दाम ठेवलेली मॅच होती म्हणायला हरकत नाही, कारण देशातले वजनदार क्रीडा पत्रकार सगळे पूर्वेला बसलेले, त्यांनी स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय पश्चिमेच्या छोट्या टीमला कोण विचारणार. डॉन्स जिंकले ३२–२६, आणि मॅटसनने दोन वेळा समोरून आलेली किक पकडून अख्खं मैदान पार करून टचडाऊन केलं. एका मॅचमध्ये दोनदा! आजही असं झालं तर आठवडाभर तोच व्हिडिओ फिरेल.

दुसरी मॅच स्टॉकटनला, १७ नोव्हेंबर, कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्ध. पॅसिफिकचं तेव्हा नाव होतं, आणि बाऊलवाल्यांची नजर या मॅचवर आहे हे दोन्ही टीमना माहीत होतं. डॉन्सनी ४७–१४ ने धुतलं. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

तिसरी आणि शेवटची लोयोलाविरुद्ध, पॅसाडिनाच्या रोझ बाऊल स्टेडियममध्ये, २०–२. लाखभर माणसं मावतील असं ते स्टेडियम आणि त्या दिवशी जवळजवळ रिकामं. दोन कॅथलिक कॉलेजं, दोघांचीही फुटबॉलची ही शेवटची मॅच, पण खेळताना पोरांना ते माहीत नव्हतं.

सीझन संपला तेव्हा मॅटसनच्या नावावर बॉल घेऊन पळालेले १,५६६ यार्ड आणि २१ टचडाऊन, दोन्हीत देशात पहिला. आणि तो डिफेन्सलाही खेळायचा, ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, म्हणून त्याची निवड झाली ती डिफेन्समध्ये. तरीही वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार प्रिन्स्टनच्या डिक कॅझमायरला मिळाला आणि मॅटसन मतांमध्ये नवव्या नंबरवर. कॅझमायर चांगला खेळाडू होता यात वाद नाही, पण देशात सगळ्यात जास्त पळालेला माणूस नववा हे मला पटत नाही. टीमला एपी या वृत्तसंस्थेच्या शेवटच्या रँकिंगमध्ये १४ वा नंबर.

निरोप

आता मुख्य मुद्दा. कोणी काय सांगितलं?

पत्र कोणी लिहिलं नाही. कमिटीने सहीशिक्क्यानिशी 'आम्हाला ब्लॅक खेळाडू नकोत' असं काही पाठवलं नाही. निरोप आला तो तोंडी, माणसामाणसांतून, आणि कोच क्युहॅरिकने तो टीमसमोर ठेवला की ऑली आणि बर्लला सोडून गेलो तर बाऊलची शक्यता आहे, नाहीतर नाही. उघडपणे सांगितलं गेलेलं कारण वेगळंच होतं, की डॉन्सचं वेळापत्रक सोपं होतं, तगड्या टीमशी ते खेळलेच नाहीत.

हे कारण मी प्रामाणिकपणे तपासायचा प्रयत्न केला. आणि पहिल्यांदा हे मान्य करायला पाहिजे की वेळापत्रक खरंच फार कठीण नव्हतं. लष्करी तळांच्या दोन टीम, एकाच कॉलेजशी दोन मॅच, कॅल आणि स्टॅनफर्ड हे घराशेजारचे मोठे दोघे त्या वर्षी यादीत नाहीत. कोणी म्हणेल की कमिटीने फक्त खेळाकडे बघून नकार दिला असेल. पण मग तो ४७–१४ चा आकडा घ्या. ज्या पॅसिफिकला डॉन्सनी असं लोळवलं त्या पॅसिफिकला १ जानेवारी १९५२ च्या सन बाऊलचं आमंत्रण मिळालं, टेक्ससमध्ये एल पासोला, टेक्सस टेकविरुद्ध. हरलेल्याला बोलावणं आणि जिंकलेला घरी. सोपं वेळापत्रक हे कारण इथेच लंगडं पडतं.

इथे एक गुंतागुंत आहे ती लपवायची नाही. पॅसिफिककडेही एडी मेकन हा ब्लॅक खेळाडू होता. म्हणजे दक्षिणेतला प्रत्येक बाऊल तेव्हा एकसारखा वागत होता असं नाही. १९४८ मध्येच डॅलसच्या कॉटन बाऊलमध्ये पेन स्टेटचे वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगार्ड खेळून गेले होते. पण मायामी, न्यू ऑर्लिन्स, जॅक्सनव्हिल, जिथे मोठा पैसा आणि मोठं नाव होतं, तिथे १९५२ च्या पहिल्या दिवशी मैदानावर उतरलेल्या टीम बघा: जॉर्जिया टेक आणि बेलर, मेरीलँड आणि टेनेसी, मायामी आणि क्लेमसन. सहाच्या सहा टीममध्ये एकही ब्लॅक खेळाडू नाही. शुगर बाऊलमध्ये पिट्सबर्गकडून बॉबी ग्रायर खेळला तो १९५६ मध्ये, आणि तेव्हाही जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपल्या टीमने खेळू नये म्हणून आकांडतांडव केलं.

आणि त्याच १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमात ड्रेक कॉलेजच्या जॉनी ब्राइटला, बॉल त्याच्याकडे नसताना, समोरच्या टीमच्या खेळाडूने तोंडावर मारून जबडा मोडला होता. ब्राइट ब्लॅक होता आणि ऑलीसारखाच देशातल्या आघाडीच्या खेळाडूंत होता. पेपरात फोटोंची मालिका छापून आली, त्या फोटोंना पुढे पुलित्झर मिळालं, पण मारणाऱ्यावर काही कारवाई झाली नाही. म्हणजे डॉन्सची पोरं निरोप ऐकत होती तेव्हा त्यांनी ते फोटो बघितलेले असणार, दक्षिणेकडे जाण्याचा अर्थ काय तो त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नकार

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या प्रकरणात मोठं भाषण नाही. मार्केटी, सेंट क्लेअर आणि इतरांनी पुढे अनेकदा सांगितलंय की मतदान घेतलं नाही, बैठक लांबली नाही, चर्चाच झाली नाही म्हणा, सगळे जाणार नाहीतर कोणी नाही, विषय संपला.

मला सुरुवातीला वाटायचं की हे आठवणीत गोड झालेलं असेल, तीसेक पोरांत एक तरी असेल ज्याच्या मनात आलं असेल की अरे, आयुष्यात एकदा मिळणारी संधी आहे. आलंही असेल, माणूसच आहे. पण बोललं कोणी नाही, आणि मला वाटतं मतदान न घेणं हेच त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं. कारण मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. मॅटसन आणि टोलर त्याच खोलीत बसलेत आणि त्यांना न्यायचं की नाही यावर हात वर होतायत. निकाल तिसाला शून्य लागला असता तरी त्या दोघांना ते हात मोजायला लागले असते. प्रश्न विचारला जाणं हाच अपमान होता, उत्तर काहीही असो.

आणि त्या अटीची रचना बघा किती कावेबाज आहे. कमिटी थेट म्हणत नाही की आम्ही तुम्हाला घेणार नाही. ती म्हणते तुम्ही ठरवा. म्हणजे ओझं उचलून टीमच्या डोक्यावर ठेवलं. टीम गेली असती तर सोडून जाणारे मित्र दोषी, नाही गेली तर 'तुमच्यामुळे आमचा बाऊल गेला' हा विचार त्या दोघांच्या वाट्याला. दोन्ही बाजूंनी मार टीमलाच आणि कमिटीचे हात स्वच्छ. आणखी एक वाट होती, जी अशा वेळी हमखास सुचवली जाते, की ऑली आणि बर्लने स्वतःहून मोठ्या मनाने मागे व्हावं. ती वाट कोणी त्यांच्यासमोर ठेवली नाही. मोठं मन दाखवायची जबाबदारी ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्यावरच टाकायची हे आपण सगळीकडे बघतो, घरात, ऑफिसात, गावात, आणि इथे या विशीतल्या पोरांनी ते केलं नाही याचं मला खरंच मनापासून कौतुक वाटतं.

हे त्यांना जमलं कसं? मला वाटतं कॉर्निंगच्या धुळीत जमलं. एकत्र राहणं, एकत्र घाम गाळणं, मार्केटीसारखा युद्ध बघून आलेला माणूस टीममध्ये असणं, आणि घरी इटालियन, आयरिश म्हणून थोडंफार खालचं समजलं जाण्याचा अनुभव असणं. जेझुइट शिक्षणाचाही काही वाटा असेल, पण मी त्याला फार श्रेय देणार नाही, कारण तेव्हा कॅथलिक संस्थाही सगळ्या अशा वागत नव्हत्या. लोयोलाचं मात्र सांगायला हवं, त्यांनी १९५० मध्येच टेक्सस वेस्टर्नविरुद्धची एल पासोची मॅच रद्द केली होती कारण तिथे त्यांच्या ब्लॅक खेळाडूला मैदानावर उतरू देत नव्हते. ज्या लोयोलाशी डॉन्सनी शेवटची मॅच खेळली तीच ही लोयोला.

नंतर

सीझननंतर थोड्याच दिवसांत कॉलेजने जाहीर केलं, फुटबॉल बंद. पुढे अनेक वर्षांनी छोट्या पातळीवर परत सुरू करून बघितलं पण टिकलं नाही. (बास्केटबॉल मात्र तिथे फळलं, १९५५ आणि १९५६ ला बिल रसेल आणि के. सी. जोन्सच्या टीमने राष्ट्रीय विजेतेपद आणलं.) बॉब सेंट क्लेअरचं एक वर्ष शिल्लक होतं, ते खेळायला त्याला टल्साला, ओक्लाहोमात जावं लागलं. मित्रांना सोडून दक्षिणेकडे जाणार नाही म्हणणाऱ्या माणसाला टीमच नाही म्हणून तिकडे जावं लागलं, मला ही गोष्ट बाऊल न मिळण्यापेक्षा जास्त लागते.

पण ही पोरं हरवली नाहीत. त्यातले कितीतरी एनएफएलपर्यंत पोचले. मॅटसनला शिकागो कार्डिनल्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत घेतलं, आणि त्यांचा कोच १९५२ मध्ये कोण, तर जो क्युहॅरिक. खेळायला सुरुवात करायच्या आधी मॅटसन त्या उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला, ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेमध्ये सिल्व्हर. आपल्या लोकांना हेलसिंकी १९५२ म्हटलं की एकच नाव आठवतं, गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कुस्तीतलं ब्राँझ, आणि ते तिथे पोचावेत म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. त्याच ऑलिम्पिकमध्ये, तसल्याच ब्राँझ मेडलसह, हा बाऊलमध्ये नको असलेला मॅटसन होता. मला हे कळलं तेव्हा किती वेळ मी तेच वाचत बसले होते.

१९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी मॅटसनला घेतलं ते कार्डिनल्सना नऊ जणांचा मोबदला देऊन, आणि हा सौदा करणारा रॅम्सचा जनरल मॅनेजर म्हणजे आपला पीट रोझेल, डॉन्सच्या बातम्या छापून आणणारा. १९६० मध्ये तोच अख्ख्या एनएफएलचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, झाला. मार्केटी बॉल्टिमोर कोल्ट्सचा आधारस्तंभ, १९५८ च्या गाजलेल्या फायनलमध्ये पाय मोडला तरी मैदानाच्या कडेलाच थांबायचं म्हणून अडून बसला. मॅटसन आणि मार्केटी १९७२ मध्ये एकत्रच हॉल ऑफ फेममध्ये गेले, सेंट क्लेअर १९९० मध्ये. एका कॉलेजच्या एकाच सीझनच्या टीममधले तिघं. केझरच्या मैदानाला आता सेंट क्लेअरचंच नाव आहे. २००६ मध्ये युनिव्हर्सिटीने हयात असलेल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा ते सगळे पंचाहत्तरीच्या आसपास होते.

राहिला बर्ल टोलर, ज्याला सगळे आमच्यातला सर्वोत्तम म्हणायचे. त्याला क्लीव्हलंड ब्राउन्सनी ड्राफ्ट केलं होतं. पण १९५२ च्या ऑगस्टमध्ये कॉलेज ऑल-स्टार मॅचमध्ये, रॅम्सविरुद्ध, त्याच्या गुडघ्याला अशी दुखापत झाली की प्रोफेशनल खेळणं कायमचं संपलं. म्हणजे त्याने खेळलेली शेवटची खरी सीझन ती १९५१ चीच, आणि त्याची शेवटची बाऊल मॅच कधी झालीच नाही. त्याने रडत बसणं केलं नाही. शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत मिडल स्कूलचा प्रिन्सिपल झाला, त्या शहरातल्या त्या पातळीच्या शाळेचा पहिला ब्लॅक प्रिन्सिपल. सहा मुलं वाढवली. आणि १९६५ मध्ये एनएफएलने, म्हणजे रोझेल कमिशनर असताना, त्याला मैदानावर ऑफिशियल, म्हणजे पंच, म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या प्रोफेशनल लीगमधला तो पहिला ब्लॅक ऑफिशियल. जे मैदान गुडघ्याने हिरावलं त्यावर तो शिट्टी आणि झेंडा घेऊन परत आला आणि पंचवीस सीझन उभा राहिला.

२० जानेवारी १९८०, चौदावा सुपर बाऊल, म्हणजे एनएफएलची फायनल. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स, तीच रॅम्स जिच्याविरुद्ध त्याचा गुडघा गेला होता. सुपर बाऊलमध्ये उतरलेला पहिला ब्लॅक ऑफिशियल म्हणून बर्ल टोलर साइडलाइनवर उभा, कमिशनर रोझेल वर स्टँडमध्ये, प्रेक्षक १,०३,९८५. आणि ठिकाण, पॅसाडिनाचं रोझ बाऊल स्टेडियम, जिथे १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर डॉन्स आपली शेवटची मॅच जिंकले होते.